भुरीची दोरी

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. पुढे गिऱ्हाइकं एकेक फ्रेम लावून आरशात वाकडीतिकडी तोंडं करून बघायची, आणि मागे ती काचा घासायची. काच चाकावर धरायची, पाण्याची बारीक धार सोडायची, कड खात खात फ्रेमच्या मापाला आणायची. दाब जरा जास्त पडला की काच कटकन उडायची. तिच्या हातून सहसा उडत नसे. दुकानात सगळे तिला भिंगबाई म्हणायचे आणि ती त्या नावाला ओ द्यायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यालाही लोक नावाने ओळखत नसत, मास्तर म्हणायचे. त्यांची ओळखच लिफ्टमध्ये झालेली. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि हा वरून दार फाकवून डोकावत म्हणाला होता, "घाबरू नका, माझ्या धंद्यात चढउतार असायचेच." हा विनोद त्याने पुढे शेकडो लोकांना ऐकवला. ती प्रत्येक वेळी कपाळाला हात लावायची आणि प्रत्येक वेळी थोडीशी हसायची.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे पिटू म्हणत.

पिटू दुसऱ्या गावी फिजिओथेरपी शिकायला गेली त्या वर्षी मास्तर तापाने पडला. साधा ताप म्हणून दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या घरात संडासाची वाट विचारायला लागला. मेंदूला सूज आली होती. जीव वाचला, हातपाय वाचले, बोलणं वाचलं. गेलं ते एवढंच की नवीन काही डोक्यात टिकेना. आजारापूर्वीचं सगळं लख्ख होतं. कुठल्या इमारतीतल्या लिफ्टची मोटर कुणी बदलली, सासऱ्यांना कोणत्या खुर्चीत बसायला आवडायचं, सगळं. पण आत्ता घडलेलं चहाचा कप रिकामा होईपर्यंत राही, आणि मग जणू कुणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं जाई.

"आज कामावर नाही गेलो मी?" तो विचारायचा.

"आज सुट्टी आहे," ती सांगायची.

वर्षानुवर्षं त्याला सुट्टीच होती.

गेम घरात आणला तो पिटूने. तिच्या कॉलेजातले एक सर म्हणाले होते की अशा माणसाच्या डोक्यात नाही राहिलं तरी हात शिकतात. मग तिने मैत्रिणीकडून जुनं यंत्र मिळवलं, टीव्हीला जोडलं आणि बाबाच्या हातात कंट्रोलर दिला. भिंगबाई त्याला कायम रिमोटच म्हणाली. आणि खरंच, मास्तरला यंत्र दाखवलं की तो रोज विचारायचा, "हे काय आणलंस नवीन?" पण बोटं मात्र बटणांवर आपोआप जायची. लिफ्टच्या तारा जोडणारी बोटं ती, त्यांना कुठे काय आहे ते कळायचं.

गेम मिठाच्या व्यापाऱ्याचा होता. एक माणूस आणि त्याचं खेचर, पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि पुढे नुसते डोंगर. खेचराला नाव आपण द्यायचं. पिटूने भुरी ठेवलं. भुरीला चारायचं, तिचे खूर साफ करायचे, वाऱ्यात तिच्या आडोशाला बसायचं. थांबलं की ती मागून येऊन माणसाच्या खांद्यावर नाक घासायची. मास्तर मोठ्याने हसायचा, "लाडात आलीय बघ!"

आणि मग एक गोठलेलं तळं यायचं. वारं एवढं की माणूस भुरीची दोरी आपल्या कमरेला बांधतो. तळ्याच्या मध्यावर बर्फ फुटतो, भुरी पाण्यात जाते. दोरी ताणली जाते, माणूस ओढला जायला लागतो. स्क्रीनवर सुरीचं लहानसं चित्र येतं. बटण दाबून धरायचं, बराच वेळ, दोरी तुटेपर्यंत. नाही दाबलं तर दोघंही खाली जातात, आणि गेम परत तळ्याच्या काठावर आणून उभं करतो. भुरी जिवंत, दोरी हातात. वाचवायचा तिसरा मार्ग नाही. पिटूने सगळं करून पाहिलं होतं.

पहिल्यांदा तिथे पोचली तेव्हा ती ढसाढसा रडली. भिंगबाई पोळपाट सोडून धावत बाहेर आली.

"काय झालं? कुणाचा फोन आला?"

"भुरी गेली."

"कोण भुरी? ते चित्रातलं गाढव?"

"खेचर आहे, आई."

"मग खेचर. एवढी घोडी झालीस आणि चित्रासाठी गळे काढतेस?"

पिटूने बाहीने नाक पुसलं. "सिनेमात कुणी मेलं तर ते त्याचं त्याचं मरतं गं. इथे बटण मला दाबायला लागलं. आणि ती शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होती."

भिंगबाईला ते काही फारसं कळलं नाही. ती पोळ्या लाटायला गेली.

सुट्टीत पिटू आली की बापलेक एका सोफ्यावर बसून खेळायचे. तळं आलं की पिटू त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घ्यायची. "बाबा, ही जागा माझी." मग ती स्वतः दोरी कापायची. मास्तर हळहळायचा, डोळे पुसायचा आणि थोड्या वेळाने विसरून जायचा. गेम संपला की ती तो परत पहिल्यापासून लावून द्यायची. "तुमचं बरं आहे बाबा, एका गेमवर आयुष्य निघतं."

नोकरीला लागून तिला जेमतेम काही महिने झाले होते. स्कूटरवरून कामाला जाताना एका गाडीने मागून उडवलं. फोन आला तेव्हा भिंगबाईच्या हातात काच होती. ती उडाली की तिने फेकली, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

हॉस्पिटलात मास्तरची थोरली बहीण सोबत होती. पिटूची आत्या. बिनलग्नाची, शाळेत शिपाई म्हणून आयुष्य काढलेली, तोंडाने फटकळ, आणि पिटूला तिने मांडीवर वाढवलेलं. पण मास्तर एका जागी बसेना. "आपण इथे कशाला आलोय? कोण आजारी आहे?" म्हणत तो वाट फुटेल तिकडे निघायचा. म्हणून आत्या बाहेर बाकावर त्याचा हात धरून बसायची आणि आत एकटी भिंगबाई.

काही दिवसांनी एका दुपारी तरुण डॉक्टरीणबाईने तिला बाजूला घेतलं. खूप हळू बोलली. मेंदू संपलाय, श्वास यंत्राचा आहे, छाती हलतेय ती त्या यंत्राने. ठेवायचं म्हटलं तर ठेवता येईल अजून. पण ती परत येणार नाही.

"बंद करायचं का?" डॉक्टरीणबाईने विचारलं. "घाई नाही. घरच्यांशी बोला."

भिंगबाईने काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर मास्तर बहिणीला काहीतरी विनोद सांगत होता आणि ती तोंड दुसरीकडे करून रडत होती. भिंगबाईने मान हलवली. एकदाच.

बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "गेली." आत्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. पुढे जो येईल त्याला आत्या सांगायची, पोरगी झुंजली हो, शेवटच्या श्वासापर्यंत झुंजली. भिंगबाई चहा टाकायला आत जायची.

मास्तरला सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसला. लहान मुलासारखा आवाज काढत रडला. मग चहा प्यायला आणि म्हणाला, "पिटू कधी येतेय सुट्टीला?" परत सांगितलं. परत तसाच बसला, परत तोच आवाज. चौथ्यांदा विचारलं तेव्हा भिंगबाई म्हणाली, "परीक्षा आहे तिची. झाली की येईल." आणि तेच उत्तर घरात कायमचं झालं.

ती परत कामावर जायला लागली. दुकान दोन गल्ल्या सोडून, दुपारी जेवायला घरी येता यायचं. मास्तरला घरात ठेवून बाहेरून कडी घालायची, गॅसची नळी काढून ठेवायची. तो दिवसभर एकटा.

एका दुपारी ती आली तर तो सोफ्यावर थरथरत बसलेला. शर्ट घामाने भिजलेला, डोळे सुजलेले, समोर टीव्हीवर बर्फ.

"अहो, काय झालं?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी का रडतोय गं? कुणी गेलंय का?"

तिने टीव्हीकडे पाहिलं आणि तिला कळलं. पिटू शेवटची घरी आली होती तेव्हा खेळ तळ्याच्या काठावर सोडून गेली होती. त्यानंतर कुणी पुढे नेला नव्हता. यंत्र सुरू केलं की तळं. तो आनंदाने भुरीला घेऊन बर्फावर जायचा, बर्फ फुटायचा, सुरी दिसायची, आणि त्याच्याच्याने बटण दाबवायचं नाही. दोघं बुडायचे. परत काठ. का रडतोय हे विसरलेला, पण अजून रडत असलेला तो माणूस परत निघायचा. सकाळपासून दुपारपर्यंत, किती वेळा कोण जाणे. त्याच्या हातातून कंट्रोलर घेणारं कुणी उरलं नव्हतं.

तिने यंत्र काढून कपाटावर टाकलं. तर तो घरभर काहीतरी शोधत फिरायला लागला. उशा उचल, डबे उघड. काय शोधतोय ते त्यालाच सांगता येईना. बोटं हवेत हलायची. एक दिवस त्याने बंद दारावर मुठी आपटून हात फोडून घेतला. शेजारी जमा झाले. भिंगबाईने यंत्र परत जोडलं.

मग एकच उपाय राहिला. खेळ तळ्याच्या पुढे नेऊन ठेवायचा.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती त्याच्या शेजारी बसली आणि रिमोट मागितला.

"तुला जमतंय होय?" तो म्हणाला.

"शिकवा."

केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारी बाई, पण तिचा मिठाचा व्यापारी गोल गोल फिरायला लागला, दगडावर जाऊन आपटायला लागला. मास्तर पोट धरून हसला. "अगं, डावीकडचं! डावीकडचं! गाढवापेक्षा तूच आडमुठी."

"खेचर आहे ते," ती म्हणाली.

भुरी आली आणि तिने व्यापाऱ्याच्या खांद्यावर नाक घासलं. भिंगबाईने हे कधी जवळून बघितलंच नव्हतं. कामाच्या गडबडीत पाठीमागून नुसते आवाज ऐकले होते. ती बर्फावर निघाली. वारं, पावलं, मध्य. बर्फ तडकला. दोरी ताणली. भुरी मान वर काढून तिच्याकडे बघायला लागली, आणि सुरी दिसली.

"नको," मास्तर म्हणाला. त्याने तिचं मनगट पकडलं. "नको ना, ओढ तिला! ओढ!"

"ओढून येत नाही हो ती."

"बघ तरी!"

तिने बटण दाबलं. ते दाबूनच धरायला लागतं, मध्ये सोडलं की परत सुरुवात. मास्तर ओरडत होता, ती दाबून होती. दोरीचा एकेक धागा तुटत गेला. मग वाऱ्याचाही आवाज बंद झाला. स्क्रीनवर एकटा माणूस पालथा पडलेला, कमरेला दोरीचं टोक.

"कुणी कापली?" मास्तर कुजबुजला.

"मी," ती म्हणाली. आणि ते एकदा तोंडातून निघालं तसं थांबेचना. "मीच. पिटूचं यंत्र पण मीच बंद करायला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं आणि मी मान हलवली. तिची छाती हलत होती हो. हात गरम होता. कुणाला विचारलं नाही मी, तुम्हाला नाही, ताईंना नाही."

 तिला वाटलं आता तो जमिनीवर बसेल, तो आवाज काढेल. पण त्याने तिचं डोकं आपल्या छातीशी ओढलं.

"पिटू गेली?"

"हो."

"आणि तू एकटी होतीस आत?"

"हो."

"मी कुठे होतो?"

"बाहेर. बाकावर."

"आत यायला हवं होतं गं मी," तो म्हणाला. "एकटीवर टाकलं तुझ्यावर."

दोघं रडली. पिटू गेल्यापासून पहिल्यांदा ती नवऱ्याच्या कुशीत रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, पूर्वीचा, शहाणा, तिचा नवरा. ती मनात म्हणत होती, एवढं राहू दे. एवढं एक राहू दे.

थोड्या वेळाने हात थांबला. "अगं, काय झालं तुला?" तो काळजीने म्हणाला. "दुकानात कुणी काही बोललं का?"

इथे तिने थांबायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा तो डोंगरातून एकटाच चालत होता. बोटांसारखंच मनातही कुठेतरी काही उरलं असावं, कारण त्याने विचारलं, "यात एक खेचर होतं ना गं? कुठे गेलं?" आणि तिने परत सांगितलं. दोरीचं, यंत्राचं, सगळं. परत त्याने तिला जवळ घेतलं, परत म्हणाला, आत यायला हवं होतं मी. शब्दसुद्धा जवळपास तेच.

आठवडे गेले. तिला त्याची चटक लागली, दुसरा शब्द नाही. दिवसभर काचा घासताना ती त्या घटकेची वाट बघायची. जगात एकच माणूस होता ज्याला हे सांगता येत होतं, आणि तो रोज तिला माफ करत होता. कधी कधी तर त्याने विचारायचीही वाट ती बघत नसे.

मास्तर वाळत चालला. ताटातलं अन्न चिवडायचा. झोपेतून दचकून उठायचा. त्याच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "घरात काही त्रास आहे का त्यांना?"

"त्यांना कुठे काय आठवतं?" ती म्हणाली.

"गोष्ट नाही आठवत. पण मनाला लागलेलं लागलेलंच राहतं. कारण माहीत नसताना माणूस दुःखी राहतो, ते जास्त वाईट."

तरी ती थांबली नाही. लगेच नाही. थांबली ती एका दुपारी. घरात आली, चपला काढल्या, त्याच्या शेजारी बसायला गेली, आणि तो सोफ्याच्या टोकाला सरकला. कंट्रोलर छातीशी धरून, परक्या घरी नवीन माणसांत आलेल्या पोरासारखा. तिच्याकडे बघत त्याने विचारलं, "आज काही सांगणार आहेस का?"

त्याला काही आठवत नव्हतं. नुसती भीती वाटत होती, आणि ती तिच्या चेहऱ्याची होती.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही सांगायचं. खेळा तुम्ही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि फडकं तोंडात कोंबून ओट्याला धरून उभी राहिली. बाहेरून त्याचा आवाज आला, "यात एक खेचर होतं ना गं?"

तिने फडकं काढलं. "चरायला सोडलंय."

"असं होय," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं.

त्यानंतर ते उत्तर तेच राहिलं. खेळ संपत आला की ती तो तळ्याच्या पुढूनच परत लावून द्यायची. हळूहळू तो खायला लागला. तिच्याजवळ परत बसायला लागला, पण बराच काळ मध्ये हातभर जागा ठेवून. ती मात्र आतून पुरती ओसाड झाली. काचा उडायला लागल्या. मालकाने दोनदा हळू आवाजात विचारलं, बरं नाही का. चाकावर काच धरली की तिला तो गरम हात आठवायचा. रस्ता ओलांडताना गाडी आली तरी पाय उचलू नये असं वाटायचं, आणि मग घराची कडी आठवायची, बाहेरून घातलेली. आपण परतलो नाही तर आत अडकलेला माणूस. ती रस्ता ओलांडायची.

शेवटी एका रविवारी, आत्या भावाची नखं कापायला बसली असताना, भिंगबाईने तिला सांगितलं. मास्तर खेळात गर्क होता. तिने आवाज चढवला नाही, रडली नाही. यंत्र बंद करायला मी सांगितलं, एवढंच.

आत्याने नखांची कात्री खाली ठेवली. पदर सावरला. "बंद केलं," ती म्हणाली. "श्वास चालू होता आणि बंद केलं." मग पायात चपला सरकवल्या आणि भावाचा निरोपही न घेता निघून गेली.

ती बरेच रविवार आली नाही. फोन उचलला नाही. मास्तर विचारायचा, "ताई नाही आली?" आणि भिंगबाई सुचेल ते उत्तर द्यायची. आता तिच्या खोटं बोलण्याच्या यादीत नणंदही आली होती.

मग एका रविवारी कडी वाजली. आत्या आली, सरळ भावापाशी जाऊन बसली. भिंगबाईशी अक्षर बोलली नाही. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. चहा दिला तर प्यायची, कप स्वतः धुऊन ठेवायची आणि जायची. असा सगळा हिवाळा गेला.

एकदा दोघी ओट्याशी होत्या. एक भांडी घासत होती, एक पुसत होती. बाहेर मास्तर एकटाच हसत होता. आत्या हातातल्या ताटाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मला आत का नाही बोलावलंस?"

नळ चालूच होता. भिंगबाईने तो बंद केला.

"तुम्ही आला असतात तर मला जमलं नसतं, ताई. तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते."

"हो."

आत्याने ताट पुसून फळीवर ठेवलं. दुसरं घेतलं. कोरडं झालं तरी ती ते पुसत राहिली.

"ती काही म्हणाली का?" आत्याने विचारलं. "शेवटी?"

"नाही. तिला काही कळत नव्हतं."

"तू काय केलंस?"

"हात धरून बसले. गार होईपर्यंत."

आत्या ताट तसंच धरून खाली पाटावर बसली. भिंगबाई ओल्या हातांनीच तिच्याजवळ जाऊन बसली. कुणी कुणाला हात लावला नाही. मग आत्या म्हणाली, "सांग मला नीट. पहिल्यापासून सांग. डॉक्टरीण काय म्हणाली ते."

आणि भिंगबाईने सांगायला सुरुवात केली.